दोन्ही दारांचा होकार

दि. २ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुम्ही दोघी ठीक असाल, तुझे आईवडीलही बरे असतील असं धरून चालते, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. तू फोन उचलत नाहीस असं मी म्हणणार नाही. तो दर वेळी नेमका भिंगरी उचलते आणि सांगते, "आई आंघोळीला गेलीये." अगं, इतक्यांदा आंघोळ करशील तर सर्दी होईल तुला. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. पत्र वाचून झालं की आंघोळीला जा हवं तर.

बातमी मोठी आहे. मी छप्पर बदलायला काढलंय. डागडुजी नव्हे, बदलायलाच. कौलं, खालच्या रीपा, लागतील तिथे वासे, पुढची पन्हळ, सगळं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, की ओल्या खोलीत पोरीला झोपवू नका, बुरशी छातीत जाते? तू जाताना दारात बॅग ठेवून मला तेच सांगितलंस. "खोली कोरडी झाली की येतो आम्ही, आई." शब्द तुझे आहेत, माझ्या पदरचा त्यात एकही नाही. तर खोली आता कोरडी होते आहे.

छप्पर करणारा माणूस निवडणं म्हणजे काय दिव्य असतं ते तुला सांगते. पहिला फोनवरच म्हणाला, छपराचे फोटो काढून पाठवा. म्हटलं, बाबा रे, मी छपरावर चढून फोटो काढू शकले असते तर तुला कशाला बोलावलं असतं? दुसरा आला तो इतका गुळगुळीत बोलणारा, की मला वाटलं हा मला छप्पर विकत नाहीये, मागणी घालतोय. त्याने वीस वर्षांची हमी दिली. वीस वर्षांनी मी कुठे असणार आणि तो कुठे असणार! तिसरा आपला इथलाच, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. कोपऱ्यावरच्या बेकरीचं छप्पर त्यानेच केलंय. मी बेकरीवाल्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, "वेळेवर येत नाही, फोन उचलत नाही, बडबड फार करतो, पण गळत नाही." मी त्यालाच काम दिलं. पळून गेलाच तर निदान घर ठाऊक आहे.

तो मला 'आजी' म्हणाला. मी म्हटलं, आजी मी एकाच माणसाची आहे. तेव्हापासून 'मावशी' म्हणतो.

पैशाचं काय केलं ते विचारू नकोस. ती माझी बाब आहे आणि सोय झालेली आहे. तुझ्या नवऱ्याला जहाजावर कळवलं, तर तो म्हणतो, "आई, घाई करू नकोस, मी आल्यावर बघू." त्याचं 'आल्यावर' कसं असतं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मग वाऱ्याचं, समुद्राचं सांगत बसला. मी फोन ठेवून दिला.

तर आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. भिंगरीच्या खोलीला कुठला रंग द्यायचा? ती पिवळा म्हणेल, पण पिवळ्यावर पेन्सिलीच्या रेघा फार दिसतात. पलंगाच्या बाजूला तिने काढलेलं ते चित्र आहे ना, ज्यात माझे केस झाडूसारखे आहेत, तेवढा भाग मी रंगाऱ्याला सोडून द्यायला सांगणार आहे. आणि दुसरं, तुम्ही कधी येणार ते कळव. एक एप्रिलला तिचा नवीन वर्ग सुरू व्हायच्या आत काम उरकायचं असं मी त्याला बजावलंय.

हो, तिच्या वर्गबाई मध्यंतरी बाजारात भेटल्या होत्या. बऱ्या आहेत. घाईत होत्या.

तुझ्या आईला नमस्कार. भिंगरीला सांग, पाठीवर झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं, म्हणजे खोकला येत नाही.

तुझ्या
सासूबाई


दि. १३ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. टपालखात्याला नावं ठेवून झाली, आता कामाचं लिहिते.

काम सुरू झालं. सोमवारी म्हणाला होता, गुरुवारी उगवला. बरोबर त्याचा मेव्हणा आणि आणखी एक गडी. शिडी लावली, वर गेले आणि अर्ध्या तासात खाली येऊन छप्परवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, झालं, आता हा काहीतरी वाढवून सांगणार. तर म्हणाला, "मावशी, तुमचं आढं गेलंय."

आढं म्हणजे छपराच्या अगदी शेंड्यावरून जाणारं ते आडवं लाकूड, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचे वासे टेकतात. आपलं घर जुळं. अर्धं आपलं, अर्धं नर्सबाईंचं, मध्ये एक भिंत. एवढं मला ठाऊक होतं. आढं मात्र दोन्ही घरांवर मिळून एकच आहे, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत, आणि कुजलंय ते बरोबर मध्ये, सामाईक भिंतीच्या वर. म्हणजे आपल्या बाजूची कौलं कितीही नवी घातली तरी पाणी मधून झिरपत भिंगरीच्या खोलीतच उतरणार. आढं बदलायचं तर मधली कौलं दोन्हीकडची उतरवायला हवीत.

तो म्हणाला, "आमच्या धंद्यात एक आहे, मावशी. जुळ्या घराचं आढं असेल तर दोन्ही दारांचा होकार लागतो. तोंडी चालतो, पण लागतो. त्याशिवाय आम्ही हात लावत नाही. मागे एकाने लावला, तो आजपर्यंत कोर्टात चपला झिजवतोय. तुम्ही पलीकडे बोलून घ्या, मग मी सुरू करतो."

आता नर्सबाईंचा आणि माझा अबोला किती जुना आहे ते तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. आपल्या पन्हळीचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं यावरून सुरू झाला. पहिला शब्द कोण बोललं हे आता दोघींनाही सांगता येणार नाही. म्हणजे मला येईल, पण ते जाऊ दे.

मी त्यांच्या दारापर्यंत गेले. खोटं नाही सांगत, गेले. बेलवर बोटही ठेवलं. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि त्यांच्या चपला बाहेर नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. काय बोलायचं ते तोंडात येईना. सतरा वर्षं गाळलेला शब्द एकदम कुठून काढायचा? मी परत आले. छप्परवाला बिडी विझवत म्हणाला, "काय म्हणाल्या?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हो म्हणाल्या."

सूनबाई, मी वाईट केलं हे मला कळतं. पण वर्ग सुरू व्हायला दिवस थोडे राहिलेत आणि तुझी अट कोरड्या खोलीची आहे. म्हटलं, नर्सबाई सकाळी दवाखान्यात जातात, संध्याकाळपर्यंत नवं आढं बसेलसुद्धा. एकदा बसल्यावर काय करतील, काढायला लावतील?

आणखी एक गंमत सांगायची राहिली. गंमत म्हणजे, मी हसले, पण नंतर हसू आलं नाही. आपल्या बाजूची कौलं उतरवल्यावर मेव्हण्याने वरून हाक मारली, "मावशी, वर भिंतच नाही!" सामाईक भिंत आहे ना, ती फक्त फळ्यांच्या छतापर्यंत. त्याच्या वर माळा सगळा मोकळा, आपला आणि त्यांचा एकच. छप्परवाला म्हणाला, जुन्या जुळ्या घरांत बांधणारे अशी विटांची बचत करायचे. "म्हणजे मावशी, तुमच्याकडचं सगळं बोलणं त्यांना आपलं रोजच्या रोज ऐकू जात असणार की!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला.

मी तेव्हापासून घरात हळू बोलते. बोलायला तसंही कोण आहे. भांड्यांशी बोलते.

त्यांना काय काय ऐकू गेलं असेल, कोण जाणे. आपल्याकडे ऐकण्यासारखं काही नसायचंच म्हणा. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच थोडंफार.

उद्या सकाळी आढं काढणार आहेत. तू फक्त तारीख कळव. नुसती तारीख लिहिलीस तरी चालेल, बाकी काही लिहू नकोस.

वाट पाहते.

सासूबाई


दि. १७ मार्च

सूनबाई,

हे घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

नर्सबाई त्या दिवशी दुपारीच घरी आल्या. त्यांच्या निजायच्या खोलीच्या डोक्यावर आभाळ. त्या अंगणात उभ्या राहून एकच वाक्य बोलल्या, "खाली उतरा." आवाज चढवला नाही. तिघेही उतरले. छप्परवाला माझ्याकडे वळला, "मावशी, 'त्या हो म्हणाल्या' असं तुम्हीच सांगितलंत." तो म्हणाला, "माझं नाव आहे या भागात. तुम्ही मला खोट्यात पाडलंत." कुजलेलं आढं अर्धं कापून झालं होतं. त्याला खालून टेकू दिला, वरून ताडपत्री बांधली, दोन्ही दारांकडे न बघता हत्यारं गोळा केली आणि गेला. फोन उचलत नाही. घर ठाऊक आहे म्हणून मी गेले, तर त्याची बायको दारातच म्हणाली, ते नाहीत. आतून त्याचा खोकण्याचा आवाज येत होता.

आज दुपारी जेवण झाल्यावर वारा सुटला. या दिवसांत कधी पडत नाही तो पाऊस आज पडला. ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि फटाफट आपटायला लागलं. मी बादल्या लावल्या, परात लावली, भिंगरीचा टब लावला. मग तिच्या खोलीत वरून कडकड आवाज आला आणि छताच्या फळ्या खाली आल्या. तिच्या पलंगावर. अख्ख्या पलंगावर, उशीपासून पायथ्यापर्यंत.

ती तिथे नव्हती. तू तिला घेऊन गेलीस म्हणून ती तिथे नव्हती. मी दारात उभी राहून हेच म्हणत होते, मोठ्याने.

मला काही सुचत नाही. तू एकदा फोन कर. रागावण्यासाठी कर, पण कर. भिंगरीच्या हातात देऊ नकोस, स्वतः कर. मी हात जोडते.


दि. २० मार्च

चि. सूनबाईस,

हे पत्र मी नर्सबाईंच्या टेबलावर बसून लिहिते आहे. दचकू नकोस. आपल्याकडे सध्या कोरडी अशी एकच जागा आहे, ती म्हणजे जिन्याखाली, आणि तिथे मावायला मी थोडी जाड आहे.

त्या दुपारी फळ्या पडल्या त्यानंतरचं सांगते. तुला ती चिठ्ठी खरडली आणि मी तशीच पावसात बाहेर पडले आणि त्यांचं दार वाजवलं. बेल नाही, हातांनी, धडाधडा. त्यांनी उघडलं. त्यांच्याही घरात पाणी. निजायच्या खोलीतली गादी भिंतीला उभी करून ठेवलेली, मध्ये पातेलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे, तुम्ही हो म्हटलंत असं मीच खोटं सांगितलं, पण आता काहीतरी करा हो, माझ्या नातीची खोली गेली." मला वाटलं दार लावतील. तर म्हणाल्या, "आधी टोक धरायला चला." आणि आम्ही दोघी, सतरा वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहून ताडपत्रीची दोरी ओढत होतो. मग त्या वर गेल्या, त्यांना चढता येतं. मला दोरी धरता येते. मी तेवढंच केलं.

मग त्यांनीच छप्परवाल्याला फोन लावला. त्यांचा नंबर त्याने उचलला. त्या म्हणाल्या, "माझा होकार आहे. दोन्हीकडचं करा. पण आत्ता येऊन ताडपत्री नीट बांधा." तो मेव्हण्याला घेऊन भर पावसात आला. माझ्याशी चकार शब्द बोलला नाही. नवं आढं कालच्या दिवसात बसलं. आता कौलं चढताहेत. आज सकाळी तो मला पुन्हा 'मावशी' म्हणाला, म्हणजे राग उतरला असावा.

भिंगरीच्या खोलीतल्या पडलेल्या फळ्या मी आणि नर्सबाईंनी बाहेर काढल्या. खालून त्यांना पांढरा रंग. वरच्या अंगाने बघितल्या तर काळ्या. नुसत्या काळ्या नाही, केसाळ. हाताला लागलं ते साबणाने निघेना. अगदी तिच्या उशीच्या वर. नर्सबाई म्हणाल्या, "हे पोरीच्या छातीत जात होतं." मग त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "एक विचारू? तुमची सून नळ सोडून का रडायची?"

मी म्हटलं, काय?

म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नळ सोडायची आणि रडायची. तुम्हाला नळाचाच आवाज येत असेल. मला वरून दोन्ही यायचे. एकदा तर मी तुमचं दार वाजवणार होते. नाही वाजवलं. आपला अबोला होता ना."

मी उलटून बोलणारच होते. घराघरांत होतं, माझ्या सासूने मला काय कमी ऐकवलं, असं सगळं जिभेवर आलं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही तिला म्हणाला होतात, पोरीचा दमा तुझ्या माहेरचा आहे, आमच्या घरात असं कुणाला नाही. पुन्हा पुन्हा म्हणायचात. ते म्हटलंत की नळ सुरू व्हायचा."

सूनबाई, मी बसून आठवून बघितलं. मला आठवत नाही. म्हणजे मी म्हटलं असणार, नर्सबाई खोटं कशाला सांगतील, पण मला ते आठवावं इतकं मोठं वाटलंच नव्हतं. रोज बोलते त्यातलंच एक. तू म्हणायला हवं होतंस गं, "आई, पुरे." एकदा तरी. का नाही म्हणालीस? बघ, पुन्हा मी तुलाच विचारते आहे.

खोकला तुझ्या माहेरचा नव्हता. तो माझ्या छपरातून येत होता. मी डोळ्यांनी बघितला, हातांनी उचलला.

आता आणखी एक सांगायचं आहे. ते पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. वर्गबाई बाजारात भेटल्या असं मी लिहिलं होतं ना? त्या घाईत नव्हत्या. चांगल्या थांबून बोलल्या. म्हणाल्या, "भिंगरीची फार आठवण येते वर्गात. तिकडच्या शाळेत रमली का?" मी म्हटलं, "हो, रमली की." एवढं तोंड मला सांभाळता आलं. मग कांदे घेतले, पैसे दिले आणि कांदे तिथेच ठेवून घरी आले. तिकडच्या शाळेत. म्हणजे तू तिचं नाव इथून काढलंसुद्धा होतंस, आणि तुझ्या नवऱ्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो मला वाऱ्याचं सांगत बसला. सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

आणि त्यानंतर मी छप्परवाल्याला बोलावलं. आधी नाही, नंतर.

तू येणार नाहीस हे मला माहीत होतं. रंग कुठला देऊ असं तुला विचारत होते तेव्हाही माहीत होतं. लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं. पण मी ठरवलं होतं, खोली अशी कोरडी करून ठेवायची की तुझ्याजवळ छपराचं कारणच उरू नये. मग एक तर तू येशील, नाही तर स्पष्ट सांगशील की आई, मला तुमच्याजवळ राहायचं नाही. दोन्हींतलं काहीही मी ऐकलं असतं. पण हे "आई आंघोळीला गेलीये" मला सहन होत नाही. पोर इतकं गोड बोलते, आणि मागे तुझा श्वास ऐकू येतो. तू तिथेच उभी असतेस. मला कळतं.

मी फार घाबरले आहे. तुझ्यासमोर मी कधी घाबरले नाही, म्हणून तुला पटणार नाही. भिंगरी मोठी होईल, तिचे पुढचे दात येतील, तिला सायकल येईल आणि ते सगळं मला फोनवर कळेल, मग हळूहळू फोनवरही कळणार नाही. एक म्हातारी होती, ती फार बोलायची, एवढंच तिला आठवेल. रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मी अजून दारात जाते. जाऊन परत येते. नर्सबाईंनी हेही बघितलंय. त्यांना सगळंच ठाऊक आहे आपलं.

छप्पर होईल. छप्परवाला आठवड्यात म्हणतो, म्हणजे तीन लागतील. खोली कोरडी होईल, नव्या फळ्या लागतील. पलंगाजवळची भिंत पावसाने धुऊन निघाली, तिच्यावर काही राहिलेलं नाही. पण तू ये, असं मी आता लिहिणार नाही. ते लिहायचा हक्क मी कधी घालवला ते मला आता कळलंय.

मी एक विचारते. मी आजपर्यंत तुला सांगत आले, विचारलं कधीच नाही, तेव्हा चुकलं तर समजून घे. मी तिकडे येऊ का? राहायला नाही. एक दुपारभर. तुझ्या घरी, तू बसवशील तिथे बसेन. बोलणार नाही असं वचन देत नाही, ते मला जमायचं नाही, पण तू "पुरे" म्हणालीस की त्याच क्षणी थांबेन. भिंगरी शाळेतून आलेली बघेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन. तुला माझ्याकडून काही ऐकायचं असेल तर तेव्हा ऐक. मला काही ऐकवायचं असेल तर ऐकव, नळ न सोडता.

नाही म्हणायचं असेल तर नाही लिही. दोन अक्षरंही मोठी वाटली तर नुसती एक रेघ मार आणि टाक पोस्टात. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हणणार नाही. तुझ्या हाताने आलेलं असलं म्हणजे झालं.

खाली सही करायला घेतली आणि हात थांबला. 'तुझ्या सासूबाई' असं आजवर न विचारता लिहीत आले. आज तेवढं धाडस होत नाही.

भिंगरीची आजी.
तुझी कोण, ते तू ठरव.